वार्षिक अहवाल मागच्या पानांपासून कसा वाचावा

मोठ्या कंपनीच्या हिशेबात लबाडी झाली आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाला छातीठोकपणे सांगता येत नाही. ते ठरवण्याचे काम तपास यंत्रणांचे आणि न्यायालयांचे आहे. भागधारकाला किंवा ठेवीदाराला मात्र त्याहून लहान प्रश्नाचे उत्तर पुरते: या हिशेबावर विसंबून आपली कमाई येथे ठेवावी की ठेवू नये? त्यासाठी सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. बेरीज-वजाबाकी, थोडा धीर आणि अहवालातले कोणते पान आधी उघडावे याची माहिती एवढ्यावर बरेच काम भागते. निवृत्तीची पुंजी किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे एखाद्या कंपनीत घालणाऱ्या प्रत्येकाने ते काम एकदा तरी स्वतः करावे, असे मला मनापासून वाटते.

या रीतीमागचे तत्त्व असे आहे. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत एका बाजूला रक्कम जमा धरली की दुसऱ्या बाजूला तेवढीच रक्कम नावे टाकावी लागते. खोटी विक्री दाखवणाऱ्याला नफा-तोटा पत्रकात हवा तेवढा नफा लिहिता येतो, परंतु त्या नफ्याचे पुढे काय झाले हे ताळेबंदात कुठेतरी दाखवावेच लागते. तो बँकेतली रोकड म्हणून दिसेल, ग्राहकांकडची येणी म्हणून दिसेल, मालमत्तेच्या किमतीत मुरवलेला असेल किंवा भलत्याच कंपनीच्या पुस्तकांत नेऊन ठेवलेला असेल. म्हणून नफ्याचा आकडा पाहून थांबू नये; तो नफा ताळेबंदात कुठे जाऊन बसला आहे, हे शोधावे.

तयारी

मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर सूचिबद्ध कंपन्यांचे मागील वर्षांचे वार्षिक अहवाल विनामूल्य मिळतात. निदान पाच वर्षांचे अहवाल उतरवून घ्यावेत, कारण एका वर्षाचा ताळेबंद नेटका मांडता येतो, पण पाच वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळवत ठेवणे फार अवघड जाते. प्रत्येक अहवालात हिशेबाचे दोन संच असतात. एक केवळ त्या कंपनीचा आणि दुसरा उपकंपन्यांसह एकत्रित. पाहणी एकत्रित हिशेबावरून करावी आणि दोन्हींत मोठी तफावत दिसली तर तिचे कारण शोधावे.

अध्यक्षांचे निवेदन, छायाचित्रे, पुरस्कारांची यादी ही पहिली पाने सर्वांत शेवटी वाचावीत. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी प्रशासनासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि पुढच्या जानेवारीत तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली. तेव्हा अहवाल हाती आल्यावर थेट लेखापरीक्षकाच्या अहवालाकडे वळावे.

लेखापरीक्षक काय म्हणतो

लेखापरीक्षकाचे मत बिनशर्त असेल तर पुढे जावे. ते सशर्त असेल, प्रतिकूल असेल किंवा त्याने मत देण्यासच नकार दिला असेल, तर कारणांचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा. मत बिनशर्त असूनही एखाद्या टिपेकडे 'लक्ष वेधले' असेल, तर ती टीप उघडल्याशिवाय राहू नये. त्याखाली लेखापरीक्षणातल्या कळीच्या बाबी दिलेल्या असतात. कोणत्या आकड्याची खातरजमा करताना लेखापरीक्षकाला सर्वाधिक कष्ट पडले, हे तेथे कळते.

खरे धन मात्र त्याला जोडलेल्या परिशिष्टात असते. २०२० साली काढलेल्या आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कंपनीने खेळत्या भांडवलासाठी बँकांना दिलेली तिमाही विवरणपत्रे तिच्या पुस्तकांशी जुळतात का? कर्जाची परतफेड थकली आहे का? अल्प मुदतीसाठी उभारलेला पैसा दीर्घ मुदतीच्या कामात गुंतवला आहे का? पुढच्या वर्षभरात येणारी देणी फेडता येतील का, की त्याविषयी शंका आहे? वर्षाच्या मध्येच आधीच्या लेखापरीक्षकाने राजीनामा दिला होता का? यांपैकी बँकेच्या विवरणपत्रांविषयीच्या उत्तराला मी फार मोल देतो. बँकेला एक आकडा आणि पुस्तकात दुसरा आकडा असेल, तर तिसरा आकडा भागधारकाला मिळत नसेल याची हमी कोणी द्यायची?

तरीही लेखापरीक्षकाची सही म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सत्यमच्या ताळेबंदावर जगातल्या चार बड्या लेखापरीक्षण समूहांपैकी एकाच्या भारतीय संस्थेची सही होती. बँकेतल्या शिलकेची खातरजमा लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट करून घ्यायची असते. त्या पुष्टिपत्रांच्या कामात या समूहाच्या भारतीय संस्थांनी आवश्यक दक्षता घेतली नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०११ मध्ये ठेवला आणि दंड केला.

रोकड: सत्यमचे आकडे जवळून

सत्यमचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेले पत्र हिशेबाचा धडा म्हणून वाचण्यासारखे आहे. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या ठेवींवरचे ३७६ कोटी रुपयांचे व्याजही येणे म्हणून दाखवले होते. येणी ४९० कोटींनी फुगवलेली होती आणि १,२३० कोटी रुपयांचे देणे हिशेबात कमी दाखवले होते.

त्याच पत्रातील तिमाहीचे आकडे अधिक बोलके आहेत. कंपनीने त्या तिमाहीत २,७०० कोटी रुपये उत्पन्न आणि ६४९ कोटी रुपये परिचालन नफा जाहीर केला होता, तर खरे उत्पन्न २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी होता. वाचकाने दोन्ही वजाबाक्या स्वतः कराव्यात. उत्पन्नातला फरक ५८८ कोटी येतो आणि नफ्यातला फरकही ५८८ कोटीच येतो. खोट्या बिलामागे खरा कामगार नसतो, वीज नसते, प्रवासखर्च नसतो. म्हणून खोट्या विक्रीचा प्रत्येक रुपया जसाच्या तसा नफ्यात उतरतो. पत्रात राजू यांनी पुढे हेही नोंदवले की त्या एका तिमाहीत बनावट बँक शिल्लक ५८८ कोटींनी वाढली. एकच रक्कम विक्रीत, नफ्यात आणि रोकडीत अशी तीनदा उमटली आहे. तीन टक्के नफ्याचा व्यवसाय चोवीस टक्के नफ्याचा दिसू लागला, तो असा.

यावरून तपासणीच्या काही पायऱ्या सुचतात. पहिली अशी, की पाच वर्षांच्या करोत्तर नफ्याची बेरीज करावी आणि तिच्या शेजारी रोकड प्रवाह पत्रकातील 'परिचालनातून मिळालेली निव्वळ रोकड' या ओळीची पाच वर्षांची बेरीज लिहावी. धंदा वेगाने वाढत असेल तर एखाद्या वर्षी रोकड मागे पडते, त्यात वावगे काही नाही. परंतु पाच वर्षांच्या बेरजेतही रोकड नफ्याच्या निम्म्यावर रेंगाळत असेल, तर उरलेला नफा कुठे अडकला आहे हे कळल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

दुसरी पायरी व्याजाची. वर्षारंभीच्या आणि वर्षाअखेरच्या रोकड, मुदत ठेवी व तत्सम गुंतवणुकीची सरासरी काढावी आणि 'इतर उत्पन्न' या टिपेतले व्याज त्या रकमेच्या किती टक्के येते ते पाहावे. बँका सहा-सात टक्के देत असताना कंपनीला आपल्या प्रचंड शिलकेवर दोन टक्केच मिळत असतील, तर एक तर पैसा वर्षभर तेथे नसतो आणि केवळ ३१ मार्चला आणून दाखवला जातो, किंवा तो मुळातच नसतो. सत्यममध्ये व्याजही खोटे लिहिले होते, हे येथे लक्षात ठेवावे. ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे सारे ठीक आहे, असा अर्थ काढता येत नाही.

तिसरी पायरी मला सर्वांत भरवशाची वाटते. कंपनीकडे भरपूर रोकड आहे, तरी ती कर्ज का काढते आहे? पैसे चुकते करण्याची सेवा देणाऱ्या जर्मनीच्या वायरकार्ड या कंपनीने २०१९ मध्ये ५० कोटी युरोचे रोखे विकले आणि ९० कोटी युरोचे परिवर्तनीय, म्हणजे पुढे समभागांत बदलता येणारे, रोखेही उभारले, त्या वेळी तिच्या ताळेबंदात मोठी शिल्लक दिसत होती. जून २०२० मध्ये उघड झाले की त्या शिलकेतले १९० कोटी युरो, जे फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचे सांगितले जात होते, ते तेथे नव्हतेच. त्या बँकांनी कागदपत्रे बनावट असल्याचे कळवले. आठवड्याभरात कंपनीने नादारीचा अर्ज केला. हाताशी पैसा असताना व्याज भरून पैसा उसना घेण्याला कधी कधी योग्य कारण असते, मात्र ते व्यवस्थापनाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. 'भविष्यातील संधींसाठी' हे उत्तर पुरेसे नाही.

येणी

खोटी विक्री रोकड म्हणून दाखवण्यासाठी बँकेची कागदपत्रे बनवावी लागतात. ते धाडस नसणारे बहुतेक जण ती येण्यांमध्ये ठेवतात. समजा एका कंपनीची वर्षाची विक्री १,००० कोटी आणि येणी २०० कोटी आहेत. २०० ला १,००० ने भागून ३६५ ने गुणल्यावर ७३ दिवस येतात, म्हणजे ग्राहक सरासरी ७३ दिवसांनी पैसे देतो. पुढच्या वर्षी विक्री १,२०० कोटी आणि येणी ३६० कोटी झाली, तर हाच कालावधी सुमारे ११० दिवसांवर जातो. विक्री वीस टक्क्यांनी वाढली हे अध्यक्षांच्या निवेदनात ठळक अक्षरांत असेल, परंतु वाढलेल्या २०० कोटींच्या विक्रीसमोर येणी १६० कोटींनी वाढली आहेत, हे वाचकालाच काढावे लागते.

२०२१-२२ पासून येण्यांचे वय सांगणारा तक्ता टिपांमध्ये देणे बंधनकारक आहे. सहा महिन्यांच्या आतील, सहा महिने ते एक वर्ष, पुढे तीन वर्षांहून जुनी, अशी त्याची मांडणी असते. दरवर्षी एकच मोठी रक्कम एका रकान्यातून पुढच्या जुन्या रकान्यात सरकताना दिसली आणि तिच्यासाठी तरतूद केलेली नसेल, तर तेवढी रक्कम निव्वळ मूल्यातून (मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरते त्यातून) मनातल्या मनात वजा करूनच कंपनीचा विचार करावा. 'बिल न केलेले उत्पन्न' ही ओळही याच नजरेने पाहावी.

मालमत्तेत मुरवलेला खर्च

अमेरिकेची वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी भाडे भरत असे. हा रोजचा खर्च होता. २००१ पासून तो खर्च नफा-तोटा पत्रकात न लिहिता भांडवली मालमत्ता म्हणून ताळेबंदात लिहिला जाऊ लागला, त्यामुळे तोटा नफ्यासारखा दिसू लागला. अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठांचा दबाव झुगारून या नोंदींचा माग काढला. जून २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३८० कोटी डॉलरची गफलत मान्य केली, जुलैत नादारीचा अर्ज केला, आणि पुढे गफलतीचा आकडा सुमारे १,१०० कोटी डॉलरवर गेला. पगारी नोकर असताना इतक्या मोठ्या संस्थेतला खोटेपणा शोधून काढणाऱ्या या लोकांविषयी मला अपार आदर आहे.

येथे तपासायचे ते एवढेच. विक्री फारशी वाढत नसताना मालमत्ता वाढत आहे का? 'प्रगतिपथावरील भांडवली काम' ही ओळ वर्षानुवर्षे फुगत जाते, पण कारखाना सुरू होत नाही, असे घडते आहे का? घसाऱ्याचा दर किंवा यंत्राचे आयुर्मान अचानक बदलले आहे का? या कामांच्या वयाचा तक्ताही आता टिपांत मिळतो.

संबंधित पक्षांची टीप

महाराष्ट्राला एन्रॉन हे नाव गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे ठाऊक आहे. त्या विजेचा दर, राज्य विद्युत मंडळावर पडलेला बोजा आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडलेले केंद्र यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. अमेरिकेत ह्यूस्टनमधली मूळ कंपनी मात्र २ डिसेंबर २००१ रोजी नादारीत गेली ती मुख्यतः हिशेबातल्या खोटेपणामुळे. दीर्घ मुदतीच्या करारांतून पुढे कधीतरी मिळू शकेल असा नफा ती करार झाल्याच्या दिवशीच जमेस धरत असे, आणि कर्जे व बुडीत मालमत्ता खास उभारलेल्या भागीदारी संस्थांच्या पुस्तकांत ठेवत असे. त्यांपैकी काही संस्था एन्रॉनचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो स्वतः चालवत होते.

ही गोष्ट लपवलेली होती, असे समजण्याचे कारण नाही. २००० सालच्या वार्षिक अहवालात सोळाव्या क्रमांकाच्या टिपेत नोंदवले होते की कंपनीने ज्या भागीदारी संस्थांशी व्यवहार केले, त्यांचा कारभार कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी पाहतो. त्याचे नाव दिले नव्हते आणि भाषा इतकी गुंतागुंतीची होती की तीनदा वाचूनही व्यवहार उलगडू नये. त्या वर्षी कंपनीचे उत्पन्न १०,०८० कोटी डॉलर होते, निव्वळ नफा १०० कोटी डॉलरहूनही कमी होता, आणि तरी बाजार तिच्यावर लट्टू होता. १६ ऑक्टोबर २००१ रोजी तिने ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला. त्यानंतर सात आठवड्यांत ती संपली. संबंधित पक्षांची, म्हणजे मालकी वा कारभाराने कंपनीशी जोडलेल्या व्यक्ती-संस्थांशी झालेल्या व्यवहारांची, टीप वाचूनही व्यवहार समजला नाही, तर आपली समज कमी पडली असे मानू नये. जो व्यवहार सरळ आहे, तो सरळ शब्दांत सांगता येतो.

एन्रॉनवरून आणखी एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. रोकड प्रवाह पत्रक नफ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते हे वर सांगितले, परंतु तेही रंगवता येते. एन्रॉनने बड्या बँकांकडून घेतलेली कर्जे वस्तूंच्या आगाऊ विक्रीच्या स्वरूपात मांडली, त्यामुळे कर्जाचा पैसा परिचालनातली रोकड म्हणून दिसला. म्हणून एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये.

आपल्याकडच्या अहवालांत संबंधित पक्षांची टीप हिशेबाच्या अगदी शेवटी असते. प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना कर्जे, आगाऊ रकमा किंवा हमी किती दिल्या, त्यांच्याकडून जमीन वा सेवा किती किमतीला घेतल्या, हे तेथे पाहावे आणि पाच वर्षांचे आकडे ओळीने लिहावेत. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने राजू कुटुंबाशी निगडित मायटास या नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घेण्याचा निर्णय जाहीर केला. एका सॉफ्टवेअर कंपनीला बांधकाम आणि जमिनीचा व्यवसाय कशासाठी हवा होता? गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो निर्णय काही तासांत मागे घ्यावा लागला. खोट्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता, हे राजू यांनीच पुढे पत्रात लिहिले.

उपकंपन्यांची संख्याही पाहावी. मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहात तीनशेहून अधिक कंपन्या होत्या आणि एकूण कर्ज ९१ हजार कोटी रुपयांच्या वर होते. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत समूहाच्या मुख्य कंपनीला वरच्या श्रेणीचे पतमानांकन होते आणि सप्टेंबरात थेट थकबाकीदाराचा दर्जा मिळाला. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले. पतमानांकन ही माहितीची एक ओळ समजावी, संरक्षण समजू नये.

बँका आणि गृहकर्ज कंपन्या

कर्ज देणे हाच जिचा धंदा, तिच्या बाबतीत वरच्या अनेक चाचण्या चालत नाहीत, कारण तेथे येणी म्हणजेच मालमत्ता. आणि येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की ठरवून केलेली लबाडी बाहेरून दिसणे जवळपास अशक्य असते. तेव्हा भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ थकीत कर्जे चार टक्क्यांहून कमी दाखवली होती. प्रत्यक्षात तिच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे ६,५०० कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती तयार केली होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. प्रारंभी खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या हजारो कुटुंबांनी त्या दिवसांत जे भोगले, त्याला त्यांची कोणतीही चूक कारण नव्हती.

दिवाण हाउसिंग फायनान्स या गृहकर्ज कंपनीच्या बाबतीत केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२१ मध्ये दाखल केलेल्या गुन्ह्यात असा आरोप आहे की वांद्रे येथे शाखाच नसताना त्या नावाने सुमारे २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती पुस्तकांत उघडली होती आणि त्यांत १४,०४६ कोटी रुपयांची कर्जे दाखवली होती.

अशा संस्थांमध्ये शोधापेक्षा विभागणी उपयोगी पडते. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, त्याआधी ही मर्यादा एक लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या ठेवी यासाठी एकत्र धरल्या जातात, त्यामुळे शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी. गृहकर्ज कंपन्या आणि बिगर-बँक वित्त कंपन्या यांच्या ठेवींना हा विमा अजिबात लागू नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी तेथे ठेव ठेवताना हे वाक्य डोळ्यांपुढे असावे. अहवालात पाहायचे ते दोन तक्ते: सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे किती टक्के रक्कम आहे, आणि पुढील वर्षभरात द्यायच्या रकमा व येणाऱ्या रकमा यांच्यात किती अंतर आहे.

माणसांच्या हालचाली

आकड्यांआधी कधी कधी माणसे बोलून जातात. मुदत संपण्याआधी लेखापरीक्षकाने सोडलेले काम, एकापाठोपाठ बदललेले वित्तप्रमुख, 'वैयक्तिक कारणास्तव' गेलेले स्वतंत्र संचालक, ही माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्याच वेळी प्रसिद्ध होते. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांचा वाटा आणि त्यांपैकी तारण ठेवलेले समभाग दिसतात. सत्यममध्ये २००१ साली प्रवर्तकांकडे सुमारे २५ टक्के समभाग होते, २००८ मध्ये ते ९ टक्क्यांच्या खाली आले आणि उरलेलेही तारण पडले होते. ज्याला आतली गोष्ट सर्वाधिक ठाऊक, तोच वर्षानुवर्षे बाहेर पडत असेल, तर आपण कशाच्या भरवशावर आत जायचे?

यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर नवी रक्कम घालू नये, आणि भाव पडला म्हणून खरेदीची सरासरी किंमत कमी करण्यासाठी आणखी समभाग तर मुळीच घेऊ नयेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न लेखी पाठवावा आणि तो टीप क्रमांक व पान क्रमांक देऊन विचारावा. मोघम शंकेला मोघम उत्तर मिळते. उत्तर न मिळाल्यास सेबीच्या तक्रार प्रणालीवर नोंद करता येते. समाजमाध्यमांवर नाव घेऊन आरोप करणे मात्र टाळावे. त्याने पैसा वाचत नाही आणि कायद्याची कटकट मागे लागते.

कंपनी नादारीत गेली तर

नादारी व दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धचे दावे व वसुली थांबते आणि कारभार निराकरण व्यावसायिकाच्या, म्हणजे तोडगा काढण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, हाती जातो. दिवाण हाउसिंगसारख्या वित्त कंपनीत रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीने प्रशासक नेमला जातो. वृत्तपत्रांत व कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना येते. सर्वसाधारणपणे नेमणुकीपासून चौदा दिवसांत दावा मागवला जातो. ठेवीदार आणि तत्सम मोठ्या वर्गांसाठी 'सीए' हा नमुना असतो, कामगार व कर्मचाऱ्यांसाठी 'डी', माल व सेवा पुरवणाऱ्यांसाठी 'बी'. रोख्यांच्या बाबतीत बहुधा विश्वस्त संस्था एकत्रित दावा करते, तरी तिने तो केला आहे का हे विचारून घ्यावे. ठेवीची पावती, बँकेतून रक्कम गेल्याची नोंद, ओळखपत्र आणि नादारी सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचा व्याजाचा हिशेब जोडावा.

अपेक्षा काय ठेवावी, हेही स्पष्ट असलेले बरे. कंपनीचे विसर्जन झाले तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी व तारणधारक धनको, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग कर्ज किंवा ठेव देणारे विनातारण वित्तीय धनको, मग सरकारी देणी, मग उरलेली देणी, आणि सर्वांच्या शेवटी सामान्य भागधारक असा क्रम आहे. दिवाण हाउसिंगच्या २०२१ मधल्या तोडग्यात मुदत ठेवीदारांच्या ५,३७५ कोटी रुपयांच्या दाव्यांपैकी सुमारे १,२४१ कोटी, म्हणजे २३ टक्के, मंजूर झाले आणि भागधारकांना काहीच मिळाले नाही. ठेवीदारांच्या वर्गासाठी एक अधिकृत प्रतिनिधी नेमला जातो आणि तो वर्गातल्या बहुमतानुसार धनको समितीत मत देतो. त्यामुळे त्याच्याकडून ईमेलवर येणारी मतदानाची विनंती दुर्लक्षू नये. दावा दाखल केल्यावर मंजूर दाव्यांची यादी संकेतस्थळावर लागते. तीत आपले नाव आणि रकमेचा आकडा तपासावा, फरक असल्यास व्यावसायिकाला लगेच लेखी कळवावे आणि त्याने दुरुस्ती नाकारली तर न्यायाधिकरणात अर्ज करावा.